किल्ली, झाडू आणि वही: छोट्या गावांच्या वारशाची झाडाझडती

(व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषय पत्रिकेत छापलाय तो ‘छोट्या गावांचा वारसा आणि लोकसहभाग’. विषय गोड आहे. त्यावर गोड बोलून मला मोकळं होता येईल, तुम्हालाही घरी लवकर जाता येईल. पण मी आज थोडं टीकेचं बोलणार आहे. टीका कुणा एका माणसावर नाही. आपल्याकडे वारशाच्या नावाखाली जे काम चालतं, त्याची एक रीत पडून गेली आहे, त्या रीतीवर आहे.

तालुक्याच्या कुठल्याही गावात शिरा. आधी कमान लागते. मग तळ्याकाठी किंवा जुन्या वेशीपाशी गावाच्या नावाची मोठाली अक्षरं, त्यात लाल बदाम, म्हणजे सेल्फी पॉइंट. खाली पेव्हर ब्लॉक, बाजूला स्टीलचं रेलिंग, रात्री निळे-जांभळे दिवे. आणि एक संगमरवरी फलक, ज्यावर वास्तूबद्दल दोन ओळी आणि उद्‌घाटकांबद्दल बारा ओळी. या सगळ्याला आपल्या सरकारी मराठीत एक शब्द आहे, ‘सुशोभीकरण’. शब्द नीट ऐका. त्यात असं गृहीत धरलंय की जे होतं ते शोभत नव्हतं. अडीचशे वर्षांची घडीव दगडाची वेस शोभत नव्हती, तिला आपण शोभा आणली! जीर्णोद्धार हा आपला जुना शब्द. त्यात निदान जीर्ण झालेल्याबद्दल कळवळा होता. संवर्धन हा नवा शब्द, त्यात निगा आहे. सुशोभीकरणात दोन्ही नाही. त्यात फक्त बिल आहे.

पण नुसतं हसून भागत नाही. ‘काहीच न होण्यापेक्षा हे बरं’ असं म्हणणारे लोक असतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. ज्या बारवेत काल कचरा टाकत होते तिथे आज निदान रेलिंग आहे, असं ते म्हणतात. तेव्हा आपल्याला काहीतरी कसोटी हवी. चांगलं काम कोणतं, वरवरचं कोणतं, आणि चांगल्या हेतूने केलेलं वाईट काम कोणतं, हे ओळखायचं कसं? मी तीन साधे प्रश्न विचारतो. वास्तूची किल्ली कुणाकडे आहे? झाडू कुणाच्या हातात आहे? आणि वही कोण लिहितं? म्हणजे ताबा कुणाचा, निगा कुणाची आणि नोंद कुणाची. कुठलाही प्रकल्प या तीन प्रश्नांवर घासून बघा, त्याचा कस कळतो.

झाडू

आधी झाडूचं बोलू, कारण इथे आपलं काम सगळ्यात चांगलं आहे.

चंद्रपूरचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. गोंडकालीन परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशा चार वेशी, आणि शहराला वेढा घालणारी तटबंदी. ही तटबंदी झाडाझुडपांत आणि कचऱ्यात इतकी बुडाली होती की शहरात राहणाऱ्यालाही ती दिसत नसे. २०१७ साली ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी ती हाताने साफ करायला घेतली. एका रविवारचं श्रमदान, फोटो आणि वडापाव, असा तो प्रकार नव्हता. सलग कित्येक महिने, रोज सकाळी, हे काम चाललं. ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. साफ केलेल्या तटावरून लोकांना फिरवून आणणं त्याच मंडळींनी सुरू केलं. म्हणजे झाडू मारणाऱ्यानेच पाहुण्याला वाट दाखवली. जी वास्तू आपण हाताने झाडली तिच्याबद्दल माणूस वेगळं बोलतो.

तसंच बारवांचं. गेल्या काही वर्षांत बारव शोधणारे, तिचा नकाशा करणारे, महाशिवरात्रीला तिच्या पायऱ्यांवर दिवे लावणारे तरुण गावोगाव तयार झालेत. ज्या आडवाटेच्या बारवेकडे गावच्या माणसाची पाठ होती, तिथे एका संध्याकाळी गाव जमतं. हे मोठं आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण झाडू कुठे थांबावा, हेही सांगायला हवं. उत्साहाच्या भरात होणारं नुकसान हे दुर्लक्षाने होणाऱ्या नुकसानापेक्षा वेगाने होतं, आणि ते परत भरून येत नाही.

तटावर पिंपळ-उंबर उगवतो. पोरं त्याला दोर बांधतात, दहाजण मिळून ओढतात, झाड निघतं, सगळे टाळ्या वाजवतात. झाडाबरोबर आतले चार चिरेही निघतात, कारण मूळ दगडांच्या सांध्यांत शिरून बसलेलं असतं. झाड तोडायचं, बुंधा आणि मुळं जागच्या जागी मारायची, ती सुकली की मगच काढायची आणि सांधा लगेच भरायचा, अशी ती रीत आहे. तिला वेळ लागतो. तिचा व्हिडिओ चांगला होत नाही.

आणि सांधा कशाने भरायचा? इथे आपला घात होतो. आपण सिमेंट आणतो. जुनं बांधकाम चुन्यातलं. चुना घाणीत मळलेला, त्यात वाळू, कुठे विटेची सुरखी, कुठे गूळ, बेलफळ, हिरडा. हा चुना थोडा मऊ राहतो, ओल आत घेतो, बाहेर सोडतो. भिंत जराशी हलली तर तोही तिच्याबरोबर हलतो. सिमेंट कडक असतं आणि ओल अडवून धरतं. मग पाणी सांध्यातून बाहेर न पडता विटेतून, दगडातून वाट काढतं. त्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. काळ्या दगडात हे उशिरा दिसतं. विटेत आणि कोकणातल्या जांभ्यात लवकर दिसतं. दहा वर्षांनी सिमेंटची रेघ जशीच्या तशी उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंची वीट पिठासारखी झडलेली असते. मजबुतीकरण झालं म्हणून ज्या कामाचा नारळ फोडला, त्याच कामाने भिंत खाल्लेली असते.

देवळांचं तर काय सांगावं. ऑइलपेंटचे थर आणि ते काढायला पुन्हा वाळूचा मारा. वाळूच्या माऱ्याने रंग जातो, त्याबरोबर टाकीचे घाव जातात आणि एखाद्या ओळीचा शिलालेख असला तर तोही पुसट होतो. देवळाबाहेर ठेवलेल्या वीरगळी आणि सतीशिळा पाराला सिमेंटने चिकटवून टाकतात. ‘व्यवस्थित बसवल्या’ म्हणतात. एखादी तर उलटी, कोरीव बाजू आत. ज्या दगडावर गावच्या कुणा माणसाच्या मरणाची गोष्ट कोरली होती, तो आता बसायचा कट्टा झाला.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. कचरा, गवत, प्लास्टिक, गाळ इथपर्यंत झाडू सगळ्यांचा. चिरा हलवायची, सांधा भरायची, रंग काढायची वेळ आली की झाडू खाली ठेवायचा आणि जाणकाराला बोलवायचं. वास्तू राज्य किंवा केंद्र संरक्षित असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही, तसा कायदाच आहे, १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा राज्याचा. पण आपल्या बहुतेक बारवा, वेशी, वाडे, घाट संरक्षित यादीत नाहीतच. त्यांना कायदा वाचवत नाही आणि कायदा अडवतही नाही. त्यांचं भलं-बुरं पूर्णपणे गावाच्या अकलेवर आहे.

किल्ली

आता किल्लीकडे वळू. वस्तूचा आणि वास्तूचा ताबा कुणाकडे असावा?

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचं गाव आहे. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचं गाव. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ते तगर, पैठणबरोबर पेरिप्लसमध्ये उल्लेख आलेली सातवाहनकालीन बाजारपेठ. या गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पांढरीच्या टेकाडांतून आणि शेतांतून पावसाळ्यानंतर वर येणाऱ्या वस्तू ते जमवू लागले. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या. लोक ज्याला खापराचा तुकडा म्हणून फेकत होते, ते लामतुरे उचलून घरी आणत होते. त्यांच्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेई या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचं जवळचं साम्य सांगितलं जातं. तेरणेकाठचं गाव आणि रोमन जग यांना जोडणारा इतका थेट दुवा आपल्याकडे विरळाच. तेरला १९५८ साली शास्त्रीय उत्खनन झालं, पुढेही झालं. पण गावातल्या एका माणसाच्या डोळ्याने जे वेचलं, त्याची सर उत्खननालाही सहज येत नाही.

मला इथे कौतुक करायचंय ते एका निर्णयाचं. हा संग्रह शासनाकडे गेला, पण तो उचलून मुंबई-पुण्याला गेला नाही. तेरचं तेरमध्ये राहिलं आणि संग्रहालयाला लामतुऱ्यांचं नाव राहिलं. गोरोबाच्या समाधीला येणारा वारकरी चार पावलं चालला तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या बोटांचे ठसे त्याला बघता येतात. एका कुंभार संताच्या गावात मातीच्या मूर्तींचं संग्रहालय असावं, ही रचना कुणी ठरवून केलेली नाही. पण ती जिथल्या तिथे राहिली म्हणून तिला अर्थ आहे.

दुसरं गाव औंध. सातारा जिल्ह्यातलं, पूर्वीच्या संस्थानाचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. इंग्लंडमधल्या त्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात बघायला मिळतं, यावर आजही लोकांचा विश्वास बसत नाही. संस्थान विलीन झालं, संग्रहालय शासनाकडे आलं, जागचं हललं नाही. हेही चांगलंच झालं.

पण औंधकडे टीकेच्या नजरेने बघितलं तर एक गोष्ट खटकते. ज्या राजाने संग्रहालय बांधलं, त्याच राजाने पुढच्याच वर्षी, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. ग्रामपंचायत हा तिचा पाया. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधून आलेला माणूस त्या कामात होता. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मुक्त वसाहत झाली. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. आता मला सांगा, औंधचा वारसा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चित्रं. ती घटना येत नाही, कारण ती भिंतीवर टांगता येत नाही. चित्रांची किल्ली सरकारने सांभाळली. ग्रामराज्याची किल्ली, जी राजाने लोकांच्या हातात दिली होती, ती आपण कुठे ठेवली ते आपल्याला आठवत नाही. दिसतं तेवढाच वारसा, ही आपल्या सगळ्याच प्रकल्पांची मर्यादा आहे.

तिसरं उदाहरण भिलारचं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. फरक असा की तिकडे पुस्तकांची दुकानं आहेत, इकडे लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं ठेवली. सुरुवात २५ ठिकाणांपासून झाली. यातली सगळ्यात धीट गोष्ट म्हणजे किल्ली. सरकारने इमारत बांधून कुलूप लावलं नाही. भिलारच्या माणसाने आपल्या घराची एक खोली उघडी केली आणि अनोळखी माणसाला ‘या, बसा, वाचा’ म्हटलं. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी योजनेत एवढा विश्वास मी पाहिलेला नाही.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो रचनेवर आहे. या गावात वाचक म्हणजे कोण? गाडीतून उतरलेला पाहुणा. यजमान म्हणजे गावकरी. वाचणारा बाहेरचा आणि खोली झाडणारा आतला, अशी विभागणी कल्पनेतच आहे. याच्या शेजारी आपली जुनी नगरवाचनालयं ठेवून बघा. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. ही कुणा पर्यटकासाठी निघाली नव्हती. गावातल्या वाचणाऱ्यांच्या वर्गणीवर ती चालली. सभासद तोच मालक, तोच भांडखोर, तोच वार्षिक सभेत हिशेब विचारणारा. त्या वेळी ‘सगळ्यांसाठी’ याचा अर्थ फार तोकडा होता, हे खरं, त्यावर पुढे बोलणारच आहे. पण संस्था टिकली ती सभासदाच्या भांडणावर. भिलारसारख्या सुंदर कल्पनेला पुढची पन्नास वर्षं काढायची असतील, तर भिलारचा पोरगा तिथला पहिला वाचक व्हायला हवा. पाहुणा दुसरा.

किल्लीचं चौथं उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीचं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या ही ठाकर समाजाची कला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे वस्तू, कला आणि कलाकार एकाच अंगणात आहेत. बाहुली काचेत बंद करायची गरजच नाही, ती नाचवणारा समोर बसलाय.

आणि त्याच जिल्ह्यात सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने लक्ष घातलं, राजवाड्यातच चितारी बसवले, म्हणून ही कला मेली नाही. हे ऋण मोठं आहे. पण एक प्रश्न विचारायचा राहतो. गंजिफा हा खेळ आहे. खेळणारे कुठे आहेत? आपण पान रंगवायची विद्या वाचवली आणि पान टाकायची विद्या हातची सुटत चालली. चौकटीत लावलेली गंजिफा बघून मला चौकटीत लावलेली भाकरी आठवते. सुंदर आहे हो, पण खाणार कोण?

वही

आता शेवटचा प्रश्न, सगळ्यात अवघड. वही कोण लिहितं?

सोप्यापासून सुरू करू. आपल्याकडे कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं की फलकावर ‘हेमाडपंती’ लिहितात. त्याहून जुनं वाटलं तर ‘पांडवकालीन’. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिराचा लेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी तेही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच! लोकांच्या तोंडी असायला हरकत नाही, ती बोलीतली ओळख आहे. पण फलक हा छापील असतो, शाळेची सहल तो वहीत उतरवून घेते. तेरलाच त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागची बाजू अर्धगोल, चैत्याच्या घाटाचं. मूळचा तो बौद्ध चैत्य असावा, असं मत शंभर वर्षांपूर्वी हेन्री कझेन्सने मांडलं. म्हणजे एकाच वास्तूत दोन परंपरांचे लोक एकामागून एक हात जोडून गेले असावेत. ही केवढी श्रीमंती आहे! सरसकट एक शिक्का मारला की ती श्रीमंती गेली.

आता त्याहून खोल जाऊ. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. शाहूमहाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली, शिलालेख आहे. विहिरीच्या पोटात महाल आहे, नाव बारामोटेची पण मोटा चालतील अशी पंधरा ठिकाणं आहेत. बघणारा थक्क होतो आणि थक्क व्हावंच. एका बाईचं नाव दगडावर आहे याचाही आनंद आहे. पण पंधरा मोटा ओढणारे बैल हाकणारे कोण होते? चिरे घडवणारे पाथरवट, खोदणारे वडार कोण होते? आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न, महाराष्ट्रातल्या या हजारो सुंदर बारवांपैकी किती बारवांच्या पायऱ्या गावातल्या सगळ्यांना उतरता येत होत्या?

हा प्रश्न विचारला की काही लोक अस्वस्थ होतात. म्हणतात, ‘आता कशाला ते, सगळे मिळून दिवे लावतोय ना?’ मी म्हणतो, दिवे लावताय म्हणूनच विचारायचा.

महाडकडे बघा. चवदार तळं हे स्थापत्य म्हणून काही अलौकिक नाही. त्याच्यापेक्षा देखणी तळी कोकणात गावोगाव आहेत. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा. त्यानंतर माणसांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. कोर्टकज्जा चालला तो १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. एका छोट्या गावचा सार्वजनिक पाणवठा हा वारसा कशाने होतो, याचं याहून स्पष्ट उत्तर जगात कुठे नसेल. दगडाने होत नाही. तिथे कोण आलं, कुणाला येऊ दिलं नाही, आणि कोण शेवटी आलंच, याने होतो.

आता कल्पना करा, महाडच्या तळ्यावर फक्त एवढाच फलक असता: ‘पुरातन तळे, क्षेत्रफळ अमुक, सुशोभीकरण तमुक यांच्या निधीतून.’ आपल्याला संताप आला असता. मग आपापल्या गावच्या विहिरीवर तसाच फलक लागतो तेव्हा तो का येत नाही? तिथे सत्याग्रह झाला नाही म्हणून? जिथे सत्याग्रह झाला नाही तिथे तर ही गोष्ट लिहून ठेवायची जास्तच गरज आहे, कारण ती सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणी कुठल्या पायरीपाशी घागर घेऊन थांबायचं, कोण वरून पाणी वाढायचं, दुष्काळात काय व्हायचं. चिरा पडला तर दुसरा घडवता येतो. हे ज्ञान एकदा चितेवर किंवा मातीत गेलं की घडवता येत नाही.

मग करायचं काय?

वाईचं कृष्णाबाईचं उत्सवी वर्तमान मला नेहमी शिकण्यासारखं वाटतं. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी वगैरे सात घाट, आणि आळीपाळीने प्रत्येकाचा उत्सव. ज्याची पाळी त्या आळीने वर्गणी काढायची, घाट धुवायचा, मांडव घालायचा, जेवणावळ करायची. परंपरा अफझलखानाच्या स्वारीच्या काळापर्यंत मागे नेतात. इथे कुठलीही संवर्धन योजना नाही, पण पाळी आहे. वर्षातून एकदा घाटाला आपली आळी आठवते आणि आळीला आपला घाट. यातही दोष आहेत. आळ्यांच्या नावांतच जुनी उतरंड दिसते, घाट धुतला तरी नदीचं पाणी कसं आहे हे कृष्णेकाठच्यांना सांगायला नको. पण ‘पाळी’ ही कल्पना घेण्यासारखी आहे. एकरकमी निधीने वास्तू उभी राहते, टिकते मात्र पाळीने.

तेव्हा गावात पुढच्या वेळी असा प्रकल्प येईल तेव्हा चार गोष्टींचा आग्रह धरा. एक, उद्‌घाटनाच्या खर्चाआधी निगेचा खर्च विचारा. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी त्या वास्तूच्या नावाने छोटी का होईना रक्कम आहे का? नसेल तर ते काम पाच वर्षांनी पुन्हा ‘जीर्ण’ होणार. दोन, चुन्याचं काम येणारा एक तरी गवंडी गावात तयार करा. बेकार तरुणांना आपण नाना कोर्स लावतो, हा का नको? त्याला आयुष्यभर काम मिळेल. तीन, किल्ली एकाच्या खिशात ठेवू नका. ट्रस्टी, शाळा आणि आळी, तिघांकडे ठेवा. आणि किल्लीबरोबर कुलूप उघडायची ठरलेली वेळ ठेवा. चार, वही आजच घाला. साधी दोनशे पानी. वास्तूचं माप, फोटो, मालकी, आणि तिच्याबद्दल बोलू शकतील अशा प्रत्येक वस्तीतल्या माणसांची साक्ष. प्रत्येक वस्तीतल्या, हे दोनदा म्हणतो. एकाच आळीने लिहिलेली वही म्हणजे त्या आळीची रोजनिशी. गावचा वारसा ती होत नाही.

पर्यटनातून पैसा येतो, रोजगार येतो, हे मला मान्य आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आता पायथ्याच्या गावांत लगबग सुरू होईल, होऊ दे. पण पाहुणा हा हंगामी असतो. पाऊस लागला की तो जातो. त्या चार महिन्यांत, शेवाळलेल्या पायरीवरून घसरत, गळणाऱ्या छताखाली बादली ठेवत जो तिथे राहतो, त्याच्यासाठी वारसा आहे की नाही? वाड्याचे अकरा वारस, भाडेकरूंचे खटले, माळवद बदलायला पैसा नाही. त्या माणसाला ‘वाडा पाडू नका, वारसा आहे’ असं शहरातून येऊन सांगणं सोपं आहे. त्याच्या माळवदाची तजवीज करणारी एक योजना आखणं अवघड आहे. माझी टीका शेवटी एवढीच आहे की आपण सोपं तेवढं करतो आणि त्याला अभिमान म्हणतो.

अशी व्याख्यानमाला चालवणं हाही गावाचा वारसाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वर्गणी गोळा करून, सतरंज्या घालून, आपल्यावर टीका करणाऱ्यालाही शांतपणे ऐकून घ्यायची ही रीत महाराष्ट्रभर पसरली. तिला कमान लागली नाही, दिवे लागले नाहीत. तुम्ही दरवर्षी आलात, म्हणून ती टिकली.

आता प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय असं संयोजक सांगतायत. त्या आधी एक विनंती. वहीचं मी सांगितलंय ते आवडलं असेल तर टाळ्या नकोत. बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे. आपल्या गावातल्या ज्या वास्तूबद्दल तुमच्या घरातली वडीलधारी माणसं काही सांगू शकतील, तिचं नाव आणि तुमच्या वस्तीचं नाव जाताना त्यात लिहा. त्यांच्याशी बोलायला कोण जाणार, ते पुढच्या आठवड्यात ठरवू.